मध्यंतराची जागा

"मग आता भांडण कशाचं उरलंय?" न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं.

आमचे कुलगुडे वकील उभे होते, त्यांनी मान खाली घातली. समोरच्या बाजूचे वकील उगाचच कागद चाळायला लागले. माझे वडील, अप्पा, पहिल्या बाकाच्या उजव्या टोकाला बसले होते आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे बापूकाका, त्याच बाकाच्या डाव्या टोकाला. मधे तीन माणसं सहज मावतील एवढी जागा होती. मला कळायला लागल्यापासून ती जागा तेवढीच होती.

बाई सांगलीत नव्यानंच बदलून आल्या होत्या आणि त्यांनी आमची फाईल खरोखरच वाचली होती. इतक्या वर्षांत तसं कुणी केलं नव्हतं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. ज्या सिनेमाच्या हक्कासाठी हे दोघे भाऊ भांडतायत तो छप्पन्न साली लागला. त्यावर साठ वर्षं उलटली. या एक जानेवारीपासून त्या सिनेमावर कुणाचाच हक्क नाही. "तो तुम्हाला दाखवता येईल, यांना दाखवता येईल, आणि बाहेरच्या कँटीनवाल्यालाही दाखवता येईल. मग हक्क कुणाचा हे ठरवून मी काय करू?"

अप्पा काठी टेकत उठले आणि हात जोडून म्हणाले, "पुढची तारीख मिळाली असती तर बरं झालं असतं, बाईसाहेब."

"कशासाठी?"

तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला बापूकाका उठले. "आमचीपण हरकत नाही. एक तारीख द्या," असं म्हणाले. बाईंना हसू आवरेना. चाळीस-बेचाळीस वर्षांत दोघांचं एकमत झालेलं पहिल्यांदाच दिसतंय, असं त्या म्हणाल्या आणि खटला निकाली काढून त्यांनी पुढची फाईल मागवली.

मला तर हायसं वाटलं. घरी येताना मी रिक्षा थांबवून पेढे घेतले. अप्पांनी खोक्याकडे बघितलं, "कशाचे?" एवढंच विचारलं आणि खोलीत जाऊन कोटासकट आडवे झाले. दमले असतील असं समजून मी पेढे शेजारी वाटून टाकले.

आता हा सिनेमा काय प्रकार होता ते सांगते. माझे आजोबा, तात्या शेडबाळे, हळदीचे व्यापारी. गणपती पेठेत आमची अडत, हरिपुरात हळद साठवायची जमिनीतली पेवं, सगळं व्यवस्थित चाललेलं. एका वर्षी हळदीला असा काही भाव आला, की तात्यांच्या डोक्यात सिनेमा शिरला. कोल्हापुरात स्टुडिओ भाड्यानं घेऊन त्यांनी 'हळदीचं पाऊल' काढला. लोकांनी तो उचलून धरला. आलेल्या पैशातून त्यांनी सांगलीत थेटर बांधलं आणि त्याला आजीचं नाव दिलं, पद्मावती टॉकीज. दुसरा सिनेमा काढायची चूक मात्र त्यांनी केली नाही. तात्या मुळात शहाणा माणूस.

ते गेल्यावर वाटण्या झाल्या. अडत अप्पांकडे आली, टॉकीज बापूकाकांकडे गेली. सिनेमा कुणाचा हे मात्र तात्यांनी कुठं सांगितलंच नव्हतं. अप्पा म्हणाले, सिनेमा होत होता तेव्हा स्टुडिओत तात्यांच्या शेजारी मी उभा होतो. काका म्हणाले, उभा होतास म्हणून काय झालं, सिनेमा अडतीत दाखवणार आहेस का पोत्यांवर? शब्दानं शब्द वाढला. बोलणं बंद झालं, मग बायकांचं हळदीकुंकू बंद झालं, आणि मग कोर्ट. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही सिनेमा दाखवायचा नाही. तेव्हा मी चार वर्षांची होते. निकाल लागलाच नाही. माझं शिक्षण झालं, लग्नाचं काही जमलं नाही आणि मला त्याचं फारसं दुःखही झालं नाही. अडत मी बघायला लागले, आई गेली, तरी सिनेमा डब्यातच. सांगलीतली म्हातारी माणसं पारावर बसून त्याची गोष्ट सांगायची, प्रत्येकाची वेगळी. आमच्या पिढीनं तो बघितला नव्हता, नुसता ऐकला होता.

आई गेल्यावर अप्पांना तारखेला न्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. तारीख म्हणजे आमच्या घरात सणच. आदल्या दिवशी कोट इस्त्रीला जायचा. सकाळी गुळगुळीत दाढी, कपाळाला गंध, खिशात धुतलेला रुमाल. नवरदेवाची एवढी तयारी नसते, असं आई म्हणायची. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघं भाऊ एकाच बाकावर बसायचे आणि एकमेकांकडे न बघता वकिलांशी बोलायचे. अप्पा म्हणायचे, "कुलगुडे, त्यांच्या पक्षकारांना सांगा, साखर वाढली असेल तर चहा बिनसाखरेचा घ्यावा." त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकावरच्या काकांना कुलगुडे ते तसंच्या तसं सांगायचे. काका म्हणायचे, "सांगा त्यांना, ऐकलं. आणि तुमच्या पक्षकारांनी एवढ्या थंडीत स्वेटर घालायला काय झालं होतं?" कुलगुडे वळून अप्पांना सांगायचे, अगदी गंभीर चेहऱ्यानं. मला हसू यायचं. वकिलाला चांगलं कामाला लावलंय, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात यायचं.

खटला संपला आणि पंधरा दिवसांत 'हळदीचं पाऊल' सांगलीभर झाला. पुण्यात कुणा हौशी माणसाकडे त्याची एक प्रत होती, ती त्यानं स्वच्छ करून इंटरनेटवर टाकली. मग काय विचारता. गणेशजयंतीला एका मंडळानं धोतरं जोडून पडदा केला आणि रस्त्यात सिनेमा दाखवला. पेन्शनरांच्या सभागृहात लागला. केबलवाल्यानं दुपारी लावला, तो इतक्या वेळा की बायका कंटाळल्या. भाजीवाला गिऱ्हाईक नसताना फोनवर बघायला लागला. चार दशकं ज्या सिनेमाला कुलूप होतं त्याला आता कुणी नको म्हणेना, आणि कुणी धड बघेनाही. दहा मिनिटं बघायचं, बोटानं गाणं पुढं सरकवायचं, शेवट काय होतो ते बघून फोन खिशात टाकायचा.

एकदा दवाखान्यातून येताना रिक्षावाल्यानं सिग्नलला फोन काढला आणि मोठ्या कौतुकानं अप्पांपुढं धरला. "तुमच्या वडलांचा पिक्चर हाय न्हवं हा?" अप्पांनी डोळे बारीक करून बघितलं. नावं सरकत होती. "तात्यांचं नाव मुंगीएवढं दिसतंय," ते म्हणाले आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

त्यानंतर ते खचतच गेले. आधी फिरायला जायचं सोडलं, मग पेपर वाचायचं. दाढी चार-चार दिवस करेनात. कोट खुंटीवर होता, तो तिथंच राहिला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत, वयाच्या मानानं तर फारच चांगले. मग माणूस भिंतीकडे तोंड करून का पडतो, हे काही त्यांना सांगता येईना. मी भाकरीचा काला करून समोर बसायचे आणि ते दोन घास खाऊन ताट सरकवायचे. मला भीती वाटायला लागली. हा माणूस असाच झोपून झोपून एक दिवस जाणार आणि मी नुसती बघत बसणार, असं रोज वाटायचं.

शेवटी मी कुलगुडे वकिलांकडे गेले. म्हटलं, सिनेमा हातचा गेला त्याचा धसका घेतलाय का त्यांनी? वरच्या कोर्टात काही करता येईल का?

कुलगुड्यांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे बघितलं. तेही अप्पांच्याच वयाचे. त्यांनी सांगितलं, की दोनदा अशी वेळ आली होती, की पुढच्या तारखेला निकाल लागलाच असता. दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी अप्पा त्यांच्या घरी आले आणि काहीही करा पण मुदत मागून घ्या म्हणाले. आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी समोरचे वकीलही मुदत मागायलाच आले होते.

"वैजू, तुला अजून कळलं नाही होय?" ते म्हणाले. "सिनेमासाठी कोण येत होतं तिथं? दोघांना एकमेकांच्या घरी जायचं तोंड नव्हतं. कोर्टानं बोलावलं की जाता येत होतं. तेवढ्यासाठी मी बेचाळीस वर्षं वकिली केली त्यांची."

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले. इतकी वर्षं मी त्यांना रिक्षातून नेत-आणत होते आणि मला एवढंसुद्धा दिसलं नव्हतं.

आता काय करायचं ते उघड होतं, पण करायचं कसं? अप्पांना म्हटलं, चला, काकांकडे जाऊन येऊ. ते म्हणाले, "काय म्हणून जाऊ? त्यानं बोलावलंय का?" मग मी एकटीच पद्मावतीत गेले. बापूकाका ऑफिसात एकटे बसले होते. टॉकीज नावालाच चालत होतं तेव्हा, दोन खेळ, तेही अर्धे रिकामे. मला बघून त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी सगळं सांगितलं. अप्पा जेवत नाहीत, उठत नाहीत, कपडे बदलत नाहीत. तुम्ही एकदा घरी या, एवढंच म्हटलं.

काका बराच वेळ टेबलाची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "दाढीपण करत नाही?"

"नाही."

"माझ्या लग्नात नवरदेव मी, आणि आरशापुढं हाच." पण घरी यायचं नाव काढल्यावर ते परत आखडून बसले. "काय म्हणून येऊ, पोरी? ह्या घरात पाय ठेवायचा नाही असं त्यानं सांगितलंय मला. त्यानंच बोलवायला पाहिजे." शेडबाळ्यांच्या हट्टाला हळदीसारखं पेवात पुरलं तरी कीड लागत नाही. मी चहा न घेताच उठले.

दोन-तीन आठवडे गेले. एका सोमवारी सकाळी कुलगुडे वकील घरी आले. अप्पा नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून पडले होते. कुलगुडे खुर्ची ओढून बसले आणि इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाले, की काल पद्मावतीत 'हळदीचं पाऊल' लागला होता, आता दर रविवारी तीनचा खेळ. मोठ्या पडद्यावर छान दिसतो. गर्दी काही नव्हती, फुकटचा सिनेमा तिकीट काढून कोण बघणार? "फक्त मध्यंतर जरा चमत्कारिक जागी केलंय," ते सहज म्हणाले. त्या पुण्याच्या प्रतीत 'मध्यंतर' असं लिहिलेला तुकडा गहाळ झालेला होता, त्यामुळे ज्यानं त्यानं आपापल्या अंदाजानं करायचं.

भिंतीकडून आवाज आला, "कुठं केलंय?"

"विहिरीवर. ती घागर ओढत असते बघा. अर्धी वर येते आणि मध्यंतर."

अप्पा या कुशीवरून त्या कुशीवर झाले. मग उठून बसले. "घागर अर्धी असताना?" त्यांनी कुलगुड्यांना पुन्हा विचारलं, खात्री करून घेतल्यासारखं. "गाढव आहे तो. लहानपणापासून गाढव आहे." इतकं लांब वाक्य ते महिन्याभरात बोलले नव्हते.

त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. अप्पा जेवताना सांगायचे, अडतीतल्या हमालांना सांगायचे. सिनेमा जोडायला घेतला तेव्हा मध्यंतरावरून तात्या दिग्दर्शकाशी दोन दिवस भांडले होते. सुनेला घराबाहेर काढतात, ती हळदीच्या पायांनी उंबऱ्याबाहेर उभी असते, आतून दार लागतं, कडी पडते. तिथंच मध्यंतर पाहिजे, असा तात्यांचा हट्ट. माणूस बाहेर चहा प्यायला गेला तरी त्याच्या जिवाला घोर लागला पाहिजे, की ती पोर बाहेर उभी आहे, तिचं आता कसं होईल. नुसती घागर अर्ध्यावर ठेवून कुणाला काय घोर लागणार?

रविवारी सकाळी त्यांनी गरम पाणी मागितलं. दाढी केली, कोट घातला, दोनलाच दारात येऊन बसले. पासवर जायचं नाही, तिकीट काढायचं, असं मला बजावलं. बेचाळीस वर्षांनी ते आपल्या आईच्या नावाच्या इमारतीत पाऊल टाकत होते. पायरीला त्यांनी हात लावला तो पडू नये म्हणून की नमस्कार म्हणून, ते मी विचारलं नाही. बापूकाका मागच्या दारापाशी उभे होते. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघांनीही नाही बघितलं.

आत विसेक माणसं असतील. बहुतेक म्हातारी. अंधार झाला आणि पडद्यावर तात्यांचं नाव आलं, चांगलं पुरुषभर उंच. अप्पांनी हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी तो सिनेमा पहिल्यांदाच सलग बघत होते. खरं सांगायचं तर फार मोठा सिनेमा नाही तो. ढग रंगवलेले आहेत, सासू नाटकात बोलल्यासारखी बोलते, आणि बैल नटापेक्षा बरं काम करतो. पण पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या गाणं सुरू झालं की गुणगुणायला लागायच्या, मागून कुणीतरी पुढचा संवाद आधीच म्हणायचं, आणि मला वाटलं, हा असा अंधारात सगळ्यांच्या मधे बसूनच बघायचा सिनेमा आहे. फोनवर मी तो तीनदा सुरू करून सोडून दिला होता.

विहीर आली. घागर वर यायला लागली. अर्ध्यावर आली आणि फटकन दिवे लागले.

अप्पा काठीवर जोर देऊन उभे राहिले आणि मागं वळले. "गजा," त्यांनी हाक मारली.

अख्खं थेटर वळून बघायला लागलं. बापूकाकांचं नाव गजानन. त्यांना गजा म्हणणारं दुसरं कुणी जिवंत नव्हतं.

"हे मध्यंतर इथं नाही," अप्पा म्हणाले.

मागच्या दाराकडून काकांचा आवाज आला. "मग कुठं आहे?"

"दार लागल्यावर."

"कुठलं दार?"

"कुठलं दार म्हणजे? तुला दार माहीत नाही?"

"मी आठ वर्षांचा होतो, दादा. तू होतास तिथं. तू सांग की."

अप्पा खुर्च्यांच्या कडा धरत चढण चढून वर गेले. मी हात द्यायला गेले तर झिडकारला. मग चहाच्या खिडकीपाशी दोघं भाऊ समोरासमोर उभे राहून भांडले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, कुणाच्या मध्यस्थीशिवाय. एक म्हणे दार, दुसरा म्हणे घागर. कुलगुडेही आले होते, ते सवयीनं दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले, पण त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं. शेवटी त्यांनी एक चहा घेतला आणि बाजूला झाले. प्रेक्षक भोवती गोळा झाले. पुढचा भाग अर्धा तास उशिरा सुरू झाला आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या रविवारी मध्यंतर दारापाशी आलं, पण दार लागायच्या आधी. अप्पा उठले. त्याच्या पुढच्या रविवारी दार लागलं, पण कडी पडून आत सासू दोन वाक्यं बोलली आणि मग दिवे. अप्पा उठले. एकदा तर ते बैलगाडीच्या गाण्यात आलं, तेव्हा अप्पांनी काठीच आपटली. घरी परतताना ते रिक्षात म्हणायचे, "अजून कळत नाही त्याला. पुढच्या रविवारी जाऊन नीट सांगायला पाहिजे." आणि सोमवारपासून घरात कोटाची चौकशी सुरू व्हायची. जेवण वाढलं, पेपर सुरू झाला, माझ्यावर ओरडणंही सुरू झालं. मला एवढं बरं वाटायचं, की मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त घालायचे.

ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार? विसाची पन्नास माणसं झाली, पन्नासाची दोनशे. आजी-आजोबांना घेऊन नातवंडं यायला लागली. माधवनगरहून, मिरजेहून लोक यायचे. आज मध्यंतर कुठं येणार यावर बाहेर पैजा लागायच्या, आणि ते आलं की सगळे चहा विसरून दोघांचं ऐकायला जमायचे. कुणी दाराच्या बाजूचे, कुणी घागरीच्या. सिनेमा सगळ्यांच्या फोनमध्ये फुकट होता. मध्यंतर मात्र फक्त पद्मावतीत होतं. पुढच्या जानेवारीत आणखी काही जुने सिनेमे मोकळे झाले, ते काकांनी शनिवारी लावायला सुरुवात केली. त्यालाही माणसं यायला लागली. एकदा बाहेर पडायची सवय लागली की माणूस पडतो.

एकमेकांच्या घरी मात्र ते कधीच गेले नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा टॉकीजच्या ऑफिसात गेला आणि तिथूनच रिकामा परत आला. त्यांचं जे काय होतं ते रविवारी दुपारी, चहाच्या खिडकीपाशी.

दीड वर्ष असं चाललं. दुसऱ्या वर्षी गणपती गेल्यावर एका पहाटे अप्पा झोपेतच गेले. बापूकाका आले. इतक्या वर्षांनी आमच्या अंगणात उभे राहून चप्पल कुठं काढायची ते त्यांना समजेना. ती त्यांनी हातातच धरली होती. मी ती घेतली आणि आत नेलं. त्यांनी अप्पांच्या गालावरून एकदा हात फिरवला.

तीन रविवार टॉकीज बंद होतं. चौथ्या रविवारी मी गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही, दोन वाजले आणि घरात बसवेना. थेटर भरलं होतं. अप्पांच्या नेहमीच्या खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं. सिनेमा सुरू झाला. विहिरीवर घागर पूर्ण वर आली. बैलगाडीचं गाणं सबंध झालं. सासूनं सुनेला ओढत उंबऱ्यापर्यंत आणलं. ती बाहेर उभी राहिली. दार लागलं, कडी पडली, आणि दिवे लागले.

कुणीच उठलं नाही. दोनशे माणसं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसून राहिली.

मी उठून मागं गेले. बापूकाका दाराला टेकून उभे होते. मला बघून त्यांनी विचारलं, "बरोबर आलं?"

"बरोबर आलं, काका."

"येणारच. मी होतो की तिथं. तात्या आणि तो दिग्दर्शक भांडत होते तेव्हा मी दादाच्या मांडीवर बसून ऐकत होतो. कडी पडल्यावर मध्यंतर. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं मला." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तू सांगून गेलीस ना, तो उठत नाही म्हणून. घरी यायचं काही माझ्यानं होईना. मग कुलगुड्यांना पाठवलं."

मी त्यांचा हात धरला. आत अजून कुणी जागचं हललं नव्हतं.

"पुढच्या रविवारी?" मी कसंबसं विचारलं.

"पुढच्या रविवारी पण इथंच," काका म्हणाले. "आता चुकवायचं कुणासाठी?"